राजा विसरला

आमच्या गावात गुन्हा माफ करायची एक रीत होती, आणि तिचं कौतुक सांगताना आमची माणसं थकत नसत. दिवाळी झाली की मंडईची जत्रा भरायची. भर दुपारी चौकात दंडारीचं नाटक व्हायचं. दंडारीतला राजा शेवटी चोराला सोडून द्यायचा, आणि मुकुट न काढता तसाच खुर्चीवर बसून राहायचा. मग वर्षभरात ज्यानं खरोखर काही कायदा मोडला असेल तो माणूस पुढं यायचा, गुडघे टेकायचा आणि ज्याला झळ लागली त्याचं नाव घेऊन आपला गुन्हा सांगायचा. राजा त्याच्या खांद्याला तलवार लावून दोनच शब्द म्हणायचा, "राजा विसरला." राजा विसरला म्हणजे गाव विसरलं. मग पोलिसात जायचं नाही, आणि बायकांनी विहिरीवरसुद्धा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही.

कोणाच्या बैलानं कोणाचं धान खाल्लं, कोणी तलावातली मासोळी चोरली, कोणी मोहाची दारू गाळली, असल्या गुन्ह्यांना ही रीत बरी होती. शेजारच्या सानगडीचे लोक बघायला यायचे आणि वा वा करत जिलेबी खाऊन जायचे. मी दंडारीत ढोलकी वाजवायचो. राजानं "विसरला" म्हटलं की त्यावर एक थाप माझी असायची. बऱ्याच पापांवर मी थाप मारली आहे.

राजा म्हणजे तुलाराम. त्याचा बाप राजा होता, त्याच्या बापाचा बापही. जस्ताच्या पत्र्याचा मुकुट आणि लोहारानं घडवलेली बोथट पण वजनदार तलवार त्यांच्याच घरी असायची. तुलारामचा एकुलता एक मुलगा मोनू तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होता. त्या वर्षी धान निसवून लोंब्या यायच्या दिवसांत तो सुट्टीवर आला, सकाळी धानाच्या बांधीतलं पाणी पाहायला गेला, आणि शेजारच्या शेतातल्या इश्वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मेला.

इश्वरनं रानडुकरांसाठी धुऱ्यावर तार ओढली होती आणि तारेत करंट सोडला होता. हा गुन्हा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अर्ध्या गावाच्या धुऱ्यावर तसलीच तार होती, सरपंच टिकारामच्या तर दोन बाजूंनी. माझ्याकडे शेत नाही म्हणून तार नाही, माझा प्रामाणिकपणा एवढाच. लोक जमेपर्यंत इश्वरनं तार गुंडाळून टाकली होती आणि टिकारामनं "साप चावला" असं जाहीर करून टाकलं होतं. मोनूला अंघोळ घालताना तुलारामला नडगीवर जळालेली काळी रेघ दिसली. आम्हा सगळ्यांनाच दिसली. टिकारामनं तुलारामच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोलिसायले कायले बलावतोस? एक केस झाली का अर्धं गाव आत जाईल. मंडईपर्यंत थांब. राजा तर तूच आहेस."

आपल्याच पोराच्या खुन्याला माफ करायचं काम त्यानं बापाच्या गळ्यात बांधलं, आणि लोक माना डोलवत होते. मला तेव्हाच टिकारामच्या थोबाडात मारावीशी वाटली होती.

तुलाराम थांबला. राजा व्हायला तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. पण मंडईच्या दिवशी तो मुकुट घासून, तलवार घेऊन आला. त्याची बायको सत्यभामाबाईसुद्धा आली आणि बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. दंडार झाली. नाटकातल्या चोराला माफी मिळाली, टाळ्या पडल्या. मग इश्वर पुढं आला. नवी टोपी घालून आला होता, लग्नाला आल्यासारखा.

गुडघे टेकून तो म्हणाला, "राजा, माझ्या हातून चूक झाली."

"कोणती?"

"तार लावली होती."

"कोणाले लागली?"

इश्वरनं टिकारामकडे पाहिलं. टिकाराम जमिनीकडे पाहत होता.

"मोनूले," इश्वर म्हणाला. "डुकरासाठी लावली होती, राजा. माणसासाठी नाही."

चौकात जिलेबीची कढई तेवढी चुरचुरत होती. सापाची गोष्ट आम्हीच रचली होती, आणि ती भरदुपारी सगळ्यांसमोर मेली. तुलारामनं तलवार उचलली आणि इश्वरच्या खांद्याला लावली.

"राजा विसरला."

माझा हात सवयीनं पडला. थाप वाजली. लोकांनी एवढ्या जोरात श्वास सोडला की मला तो ऐकू आला. कोणीतरी "राजाची जय" म्हणालं. इश्वर रडायला लागला आणि पाया पडायला वाकला.

तुलारामनं दोन्ही हातांनी मुकुट काढून खुर्चीवर ठेवला.

"राजाचं झालं," तो म्हणाला. "आता मोनूचा बाप आहे."

आणि त्यानं तलवार घातली. पहिला घाव इश्वरच्या नडगीवर, मोनूच्या पायावर रेघ होती त्याच जागी. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. इश्वर कुशीवर पडला तशी तुलारामनं दुसऱ्या पायावर घातली. मग हातावर, कारण इश्वरनं हात मध्ये आणला होता. धार नव्हती, त्यामुळे मांस कापलं जात नव्हतं, ठेचलं जात होतं. इश्वरची नवी टोपी रक्तात पडली. त्याची बायको रुखमिणी ओरडत अंगावर झेपावली, तिला तुलारामनं कोपरानं उडवलं. आणि आम्ही काय करत होतो? सानगडीचे पाहुणे तर टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, यंदाची दंडार भारीच रंगली.

तलवार डोक्यावर उगारली गेली तेव्हा कुठं चौघांनी तुलारामला धरलं. त्यालाही मारलं. नाकातून रक्त येईपर्यंत मारलं, आणि त्यात तारवाले सगळ्यात पुढं होते. इश्वर मातीत पडून गुरासारखा हंबरत होता.

टिकारामचं डोकं मात्र ठिकाणावर होतं. असल्या माणसांचं नेहमीच असतं. त्यानं खुर्चीवरचा मुकुट उचलला.

"दोघाइनंही गुन्हा केला. दोघाइलेही माफ करून टाकू. सत्यभामाबाई, तुमी माय आहात, तुमीच घाला हा. दोन शब्द म्हणा, तुमचा नवरा वाचेल. नाही तर जेलात जाईल हा."

माय आहे म्हणून विरघळेल, नवऱ्यासाठी घाबरेल, असा त्याचा हिशेब. रुखमिणीही हात जोडून तिच्याकडे पाहत होती. सत्यभामाबाई उठली. तिनं मुकुट घेतला आणि पदरावरूनच डोक्यावर घातला. तो मोठा होता, कानांपर्यंत खाली आला. खुर्चीवर ती बसली नाही. आम्ही सगळे त्या दोन शब्दांची वाट पाहत होतो. मीसुद्धा. तुलाराम घरी जावा असं मला मनापासून वाटत होतं.

"राजाले आठवते," ती म्हणाली.

"काय म्हटलं, बाई?" टिकारामनं विचारलं.

"राजाले सगळं आठवते. माहा मोनू चिखलात पालथा होता, तोंडात माती गेली होती. इश्वरनं आंधी तार गुंडाळली, मंग हाका मारल्या. टिकाराम, साप तू सांगितला. तुही तार तलावाकडच्या धुऱ्यावर आहे आन् पांदणीकडच्या. गोमाजीची मोहाच्या झाडाखाली आहे."

ती बोलत राहिली. आमच्या गावाचा एकेक धुरा तिला पाठ होता, जन्मभर तिथंच धानाची रोवणी केली होती तिनं. ज्याचं नाव यायचं तो मान खाली घालायचा. माझा हात ढोलकीवर होता, पण थाप मारायला जागाच नव्हती.

"मी साकोलीले जातो, ठाण्यात," ती शेवटी म्हणाली. "हे सगळं सांगतो. आन् आज जे झालं तेही."

तुलारामला धरणाऱ्यांचे हात सैल पडले होते. तो रक्त पुसत उठला.

"मोनूची माय, त्याच्यासाठीच मारलं न मी त्याले. माहंही नाव सांगशील काय?"

"सांगीन."

"काहून?"

सत्यभामाबाईनं मुकुट काढून त्याच्या हातात दिला.

"मारलं ते ठीक हाय," ती म्हणाली. "पण त्याच्या आंधी तुमी 'विसरला' म्हटलं. मी पहिल्या रांगेत होतो. आयकलं मी."

"राजा म्हणून म्हटलं मी. नाटकात."

"मोनूचं नाव आयकून म्हटलं."

ती साकोलीच्या रस्त्याला लागली. तुलारामनं हातातला मुकुट इश्वरच्या रक्तात टाकला आणि तो तिच्या मागं चालू लागला.