बरणीतली लाल कोळंबी

मी एक जुनी लाल कोळंबी आहे. जुनी म्हणजे दीड वर्षाची. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढ्या वयाला पणजी म्हणतात. दातांच्या दवाखान्यात जिथे पेशंट गाल धरून बसतात, तिथल्या कोपऱ्यात आमची काचेची टाकी आहे. शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानातून एकाच पिशवीत आम्ही दहा जणी आलो. त्यांतली एक माझी धाकटी बहीण. तिची एक मिशी अर्धी तुटलेली होती, त्यामुळे ती गोल फिरून पुन्हा मलाच येऊन धडकायची.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. रडकी मुलं आम्हाला पाहून गप्प होत. एखादे आजोबा "या तळायच्या कधी?" असं विचारत आणि स्वतःच हसत. धाकटीला पिल्लंही झाली. आमचं सगळं दवाखान्यातल्या मावशी बघत. डॉक्टरांची अवजारं धुणं, उकळणं हे त्यांचं काम, त्यामुळे स्वच्छतेचं त्यांना भारी वेड. शेवाळाचा एक ठिपका काचेवर दिसला तरी त्यांना चैन पडत नसे.

आता आमची एक रीत सांगते. आम्ही वाढतो तसं जुनं कवच अंगाला घट्ट होतं. मग ते पाठीवर तडकतं आणि आम्ही झटक्यात बाहेर येतो. मागे राहिलेल्या कवचाला डोळे, मिशा, पाय सगळं जसंच्या तसं असतं, फक्त आत कुणी नसतं. आमचं नवं अंग दोन दिवस मऊ राहतं, म्हणून आम्ही टाकीतल्या लाकडाच्या ओंडक्याखाली लपतो. नंतर ते टाकलेलं कवचच खातो, कारण नवं कडक व्हायला त्याचीच मदत होते.

मावशींना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, कोळंबी मेली. "अगं बाई, गेली गं ही पण," म्हणत त्या चिमट्याने कवच उचलत, कापसात गुंडाळत आणि डोळे पुसत टाकून देत. इतक्या मेल्या तरी टाकी भरलेलीच कशी, हे कोडं त्यांना कधी पडलं नाही. त्यांच्या मायेत मात्र काही खोट नव्हती.

एकदा दवाखाना चार दिवस बंद राहणार होता. सुट्टीच्या दोन दिवस आधी मावशींनी टाकी घासून लख्ख केली, शेवाळ खरवडून काढलं आणि जवळजवळ सगळं पाणी बदलून नळाचं गार पाणी भरलं. त्या धक्क्याने आम्हा बहुतेकींची कवचं एकदमच सुटली. माझ्या पोटाखाली तेव्हा वीस-बावीस अंडी होती. अंडी कवचाला धरून असतात, कवचाबरोबरच जातात. दुसऱ्या दिवशी मावशींनी सुट्टीला जाता जाता सगळी कवचं वेचली, त्यात माझंही गेलं. लाकडाखालून मी ते बघत होते आणि काहीच करू शकत नव्हते.

मग चार दिवस टाकीत खायला काही नव्हतं. शेवाळ नाही, मावशी टाकत ती खाण्याची गोळी नाही, कवचं नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकटीचं कवच सुटायला लागलं आणि अर्ध्यातच अडकलं. ती आडवी पडली. मी तिला खाल्लं.

पाचव्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी तिच्यावरच बसले होते. "एका पिशवीतून आणलं तुम्हाला, आणि बहिणीला खाल्लंस? लाज नाही वाटली?" असं म्हणून त्यांनी मला एका बरणीत टाकलं आणि बरणी टेबलावर ठेवली. येणाऱ्या मुलांना त्या सांगत, "ही खुनी आहे." एका मुलीने बरणीला नाक लावून विचारलं, "मावशी, हिला दात आहेत का?" बाकीचे हसले. ती हसली नाही.

बरणीतल्या माझ्या नवव्या दिवशी मासेवाला टाकीचा हवेचा पंप दुरुस्त करायला आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, ही कुणाला मारत नाही हो. मेलेली खाते फक्त. आणि तुम्ही फेकत होता ती कवचं होती."

"सगळी?"

"सगळी. आणि नळाचं पाणी दिवसभर ठेवून, शिळं करून, थोडं थोडंच बदलायचं असतं."

मावशी खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मीच उपाशी ठेवलं त्यांना," एवढंच बोलल्या, आणि मला पुन्हा टाकीत सोडलं. आता त्या कवचाला हात लावत नाहीत.

मासेवाल्याने मला निर्दोष ठरवलं. पण मित्रांनो, तो तिथे नव्हता. मी होते. मी धाकटीजवळ गेले तेव्हा तिचे पाय हलत होते. तिने तुटकी मिशी माझ्याकडे वळवली, मी आले की वळवायची तशीच. मी भुकेली होते. मी थांबले नाही.

तुम्ही कधी कोळंब्या पाळल्यात तर त्यांना उपाशी ठेवू नका, त्यांची कवचं त्यांच्याकडेच राहू द्या. आणि मावशींना माझं एक मागणं सांगा. माझं कवच पुन्हा घट्ट झालंय, आणि या वयात ते सुटेलसं वाटत नाही. लाकडाशेजारी मी आडवी दिसले आणि धाकटीची पोरं माझ्याभोवती जमली, तर त्यांना हाकलू नका. माझे पाय हलत असले, तरीही.