कल्याणभाऊंचा बँड आणि माझा जर्मन कॉन्चेर्टो

मी संघपाल. परतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी धातूची फ्लूट वाजवतो. दोन्ही बाबतींत माझं स्वतःबद्दलचं मत इतरांच्या मतापेक्षा बरंच चांगलं आहे.

गेल्या वर्षी मी ठरवलं, स्नेहसंमेलनात एक जुना जर्मन कॉन्चेर्टो वाजवायचा. पुढं एकटा फ्लूटवाला, मागं साठेक जणांचा ऑर्केस्ट्रा, अशी ती एकोणिसाव्या शतकातली रचना. तिच्या तीन भागांतला मधला, संथ भाग मी निवडला. त्यात भाव खोल आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर तेवढाच मला जमत होता.

"साठ माणसं आणणार कुठून?" मी बायकोला म्हणालो.

"कल्याणभाऊंचा बँड हाय ना," संध्या म्हणाली. "पौषात लग्नं न्हाईत, बसूनच हायेत ते."

क्लॅरोनेटवाले कल्याणभाऊ आमच्या गावचे बँडमास्तर. त्यांनी मोबाइलवर ती रचना दोनदा ऐकली.

"बराबर हाय सर. पण कोण वारलंय?"

"कुणी न्हाई. रचनाच दुःखी आहे."

तालमीत मी नऊ वादकांना समजावलं, की ऑर्केस्ट्रानं एकलवादकाच्या मागं जायचं असतं, तेव्हा माझ्याकडं बघत राहा. ते बिचारे बघत राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी सुरुवातीला बँड एकटाच वाजवत होता. मोठे कलाकार मिटतात तसे मी डोळे मिटले आणि त्यातच इतका रमलो, की माझी सुरुवात करायची जागा निघून गेली. डोळे उघडले तर कल्याणभाऊ भुवया उंचावून माझ्याकडं बघत होते आणि बँड तीच ओळ पुन्हा वाजवत होता. मी घाईनं शिरलो. मध्यावर दम संपला, बोटं भरकटली. तेवढ्यात माझी धून क्लॅरोनेटवर सुरू झाली! माझा सगळा भाग भाऊंनी कधीच पाठ करून ठेवला होता. मी सावरल्यावर ते अलगद बाजूला झाले. शेवटच्या ओळी मात्र मी खरंच नीट वाजवल्या. नऊ जण माझ्या श्वासासाठी थांबत होते, हे मला तेव्हा कुठं ऐकू आलं.

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकांनी बँडचं भरभरून कौतुक केलं आणि माझ्या शर्टाचंही.

"दम कमी पडून राह्यला सर," भाऊ हळूच म्हणाले. "रोज सकाळी येत जा."

मी रोज तालमीला जायला लागलो. मंग संमेलनात आम्हाला ऐकलेले घनसावंगीचे एक गृहस्थ लग्नासाठी बँड ठरवायला आले. "ते रडकं बिलकुल नको," ते म्हणाले, "पण तो चांदीच्या नळीवाला माणूस पाहिजे. वरातीत उठून दिसंल."

फाल्गुनात मी लाल कोट घालून गेलो. भाऊंनी मला शेवटच्या रांगेत, ढोलाच्या शेजारी उभं केलं. तिथं मी काय वाजवलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. संध्या म्हणते, आजवरचं माझं सर्वांत चांगलं वादन तेच.