मी पुलावर बंद पडले

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चिलखती गाडी आहे, आणि माझा जन्म शांततेसाठी झाला.

निदान समारंभात तरी असंच सांगतात. कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवी होते आणि माझ्या डोक्यावर मशिनगन होती. पुढे घानाच्या फौजेने मला घेतलं, आणि तेमा बंदराच्या धक्क्यावर चार जवानांनी एका दुपारी मला पांढरा रंग फासला. शांतता माझ्यात आली ती अशी, ब्रशाने. मशिनगन काढली नाही. तिलाही एक हात मारला.

आमच्या देशाला या शांतिसेनेच्या कामाचा फार अभिमान आहे. जवळजवळ प्रत्येक गल्लीत असा एखादा काका असतोच, जो कुठल्या तरी परक्या देशात, परक्यांच्या भांडणात, मध्ये उभा राहून आलेला असतो. येताना तो फ्रिजही आणतो. त्या फ्रिजला हसू नका. लोकांच्या लढाईत न लढता उभं राहणं हे लढण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्या काकाच्या पोरांच्या शाळेची फी त्यातूनच निघते.

मला हाकणारा अवुनी उत्तरेचा, बोल्गातांगाकडचा. तो मला ‘माय’ म्हणे. रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडून आत डोकावे, जशी एखादी सून सासूला विचारते, पोट बरं आहे ना?

आमची नेमणूक दोन देशांपलीकडच्या एका देशात, एका अरुंद लोखंडी पुलाच्या टोकाशी होती. आमच्या बाजूला चौकी आणि एक गाव, पलीकडे जंगल. जंगलात एका बंडखोराची टोळी होती. त्याने स्वतःलाच ‘जनरल’ केलं होतं; बढतीसाठी ताटकळत बसणाऱ्यांतला तो नव्हता.

चौकीचा प्रमुख लेफ्टनंट एडेम झोकोटो. तरुण, सरळ, अभ्यासू. न्याय्य युद्ध कशाला म्हणावं याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेला. दाढी करताना तो चार प्रश्न पुटपुटत असे, जसे दुसरे लोक स्तोत्र म्हणतात. कारण न्याय्य आहे का? हेतू शुद्ध आहे का? बाकीचे उपाय थकले का? आणि जेवढं नुकसान टाळायचं आहे, त्याहून जास्त आपणच करत नाही ना? एवढं होईपर्यंत गालावरचा साबण वाळून जाई.

सार्जंट ओबिरी कुमासीकडचा, पोट सुटलेला, हसरा. त्याच्या घरची रीत अशी, की दाराशी कोणीही आलं तरी आधी बसायला द्यायचं, मग पाणी, आणि पाणी पिऊन झाल्यावरच विचारायचं, काय निमित्ताने येणं केलंत? त्याआधी विचारणं म्हणजे अगदी रानटीपणा. चौकीलाही त्याने घरच मानलं. कडुनिंबाखाली एक बाक टाकला. पाणी मात्र तो माझ्या पाठीला बांधलेल्या पिवळ्या कॅनमधून काढी, कारण ते सावलीत गार राही. ते पाणी माझ्या रेडिएटरसाठी होतं.

“सार्जंट, मायचं पाणी आहे ते,” अवुनी कुरकुरे.

“अरे, पाहुणा तहानलेला ठेवू? माझी आजी थडग्यातून उठून कानफटात मारेल माझ्या.”

“पाहुणा कोण, ते बघितलंत का?”

पाहुणे जनरलचे लोक असत. दर गुरुवारी निरोप घेऊन यायचे, बंदुका नियमाप्रमाणे पलीकडे ठेवून. त्यांच्यात बेनी नावाचा एक तरणा होता, नुकती मिशी फुटलेला. तो ओबिरीला ‘मामा’ म्हणे, आणि दोघं फुटबॉलवरून कडाकडा भांडत.

“मामा, तुमच्या संघाला पेनल्टी मारायला येत नाही, आणि तुम्ही आमच्याकडे शांतता करायला आलात!”

“पाणी पी आणि तोंड मिट. तुमच्या देशाला संघ तरी आहे का?”

बाकावर हशा पिकायचा. गावातले लोक तो लांबून ऐकायचे. मित्रांनो, हे आमच्या लक्षात आलं नाही.

एका गुरुवारी बेनी निरोप ठेवून गेला: उद्या जनरल स्वतः ट्रक घेऊन येतील आणि गावातली सगळी तरणी माणसं फौजेत नेतील. न येणाऱ्याचं काय होतं, हे त्या मुलखात कोणाला सांगावं लागत नसे. निरोप सांगतानाही बेनी पाणी प्यायला. कॅन तळाला गेला.

लेफ्टनंट तडक गावात गेला. गावची सुईण सोलांजबाई हीच तिथली पुढारी. तो म्हणाला, “बाई, सगळ्यांना घेऊन चौकीत या. तारेच्या आत. आम्ही आहोत.”

सोलांजबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही आहात, ते दिसतं आम्हाला. दर गुरुवारी दिसतं. बाकावर बसवता, पाणी पाजता, खिदळता. जावयाची एवढी सरबराई होत नाही आमच्यात.”

“ती आमच्या सार्जंटची रीत आहे, बाई. कोणालाही देतो तो पाणी. तुम्हालाही देईल.”

“लेकरा, ज्याने माझा भाऊ नेला, त्याचा उष्टा पेला मला नको. आम्ही पहाटे निघतो, मोठ्या गावाकडे, पायी. अडवायचंच असेल तर त्यांना अडवा. आणि ते जमणार नसेल, तर निदान आमच्या वाटेत येऊ नका.”

ओबिरीला हे कळलं तेव्हा तो कडुनिंबाखाली गेला. मग त्याने बाक उचलून आडवा टाकला. आंबवलेल्या मक्याची केंकी आणि शितोची तिखट चटणी समोर आली, तीही त्याने खाल्ली नाही, आणि ओबिरीने जेवण सोडलं ही चौकीच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

पहाटे सोलांजबाई सगळं गाव घेऊन निघाल्या. म्हातारी माणसं, कडेवर पोरं, डोक्यावर पातेली. उघडा रस्ता, आणि मोठं गाव दुपारपर्यंतच्या चालीवर. ट्रक पूल ओलांडून आले, तर सकाळीच त्यांना गाठणार. ऊन वर आलं आणि जंगलातून इंजिनांचा आवाज आला.

लेफ्टनंटने मला पुलावर घातलं. अवुनी घाईत होता. कॅन नदीवर भरून आणायचा राहून गेला होता. मी मधोमध जाऊन उभी राहिले, दोन्ही कठड्यांमध्ये पाचर मारल्यासारखी. समोर ट्रक थांबले.

लेफ्टनंटने मुख्य ठाण्याला विचारलं. रेडिओवरून उत्तर आलं, “तुमचं काम पाहणं आहे, अडवणं नाही. माघारी या. आम्ही वर विचारतो.”

त्याने डोळे मिटले. चारही प्रश्नांची उत्तरं त्याच्याजवळ होती, पण रेडिओवर ती कोणी विचारत नव्हतं. मग तो म्हणाला, “अवुनी, मागे घे.”

अवुनीने गिअर टाकला. माझ्या पोटातून आधी वाफ निघाली, मग एक खोकला, आणि मी बंद पडले.

“सर, पाणी संपलंय तिचं. तापून बंद पडली.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“देवा, तुझे उपकार,” लेफ्टनंट म्हणाला. मग रेडिओत, अगदी शिस्तीत, “माघारी येण्याचा प्रयत्न चालू आहे, सर.”

जनरल खाली उतरला. काळा चष्मा, पायात लग्नातले असावेत असे बूट. “सार्जंट! आज पाणीबिणी नाही का?”

“नाही,” ओबिरी म्हणाला. “आज बसायचंही नाही.”

जनरलने ट्रकची साखळी मागवली. मला ओढून त्यांच्या बाजूला न्यायचं ठरलं. लेफ्टनंट मशिनगनमागे उभा राहिला. “साखळी लावणाऱ्यावर गोळी चालवीन,” तो ओरडला, आणि आधी हवेत चालवली. सगळे बंडखोर थबकले. एकटा बेनी साखळी घेऊन पुढे आला, हसत. आपण ज्यांचं पाणी प्यायलो ते आपल्याला मारणार नाहीत, अशी त्याची खात्री होती. इतक्या गुरुवारांत ती आम्हीच करून दिली होती.

“बेनी, मागे फीर!” ओबिरी ओरडला. “मस्करी नाही ही, पोरा!”

“मामा, तुम्ही मला मारणार? तुम्हाला पेनल्टी मारता येत नाही!”

साखळीचा आकडा माझ्या नाकाला लागला. मी थरथरले असते, पण मला ती सोय नाही. लेफ्टनंटचे ओठ हलले. चार प्रश्न म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग त्याने बेनीच्या पायावर गोळी झाडली.

बेनी खाली बसला, बाकावर बसावं तसा. जनरलने आपली माणसं मागे घेतली. मशिनगनसमोर मरणाची त्याची तयारी होती, पण दुसऱ्याच्या मरणाची. ओबिरी धावत गेला, स्वतःचा पट्टा बेनीच्या मांडीला आवळला, त्याला पाठुंगळी घेऊन आमच्या बाजूला आला. सारा वेळ तो ट्वी भाषेत शिव्या घालत होता. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

ट्रक दुपारपर्यंत पलीकडे उभे राहिले आणि परत गेले. सोलांजबाई सगळ्यांना घेऊन मोठ्या गावात पोचल्या होत्या. संध्याकाळी रेडिओवर परवानगी आली: परिस्थिती पाहून अडवायला हरकत नाही.

बेनीचा पाय कापावा लागला. ओबिरी केंकी घेऊन दवाखान्यात गेला. बेनीने भिंतीकडे तोंड केलं. ओबिरी डबा ठेवून, तासभर उभा राहून, परत आला.

चौकशी झाली, लेफ्टनंट निर्दोष ठरला, पुढे पदकही मिळालं. पदकासोबतच्या मानपत्रात लिहिलं आहे की त्याने ‘पूर्ण विचारांती वाहन पुलाच्या मध्यभागी स्थिर केले’. आता मी घानात परत आहे, एका प्रशिक्षण छावणीच्या अंगणात, चाकांखाली विटा लावून. शांतिसैनिक होऊ घातलेली मुलं माझ्याभोवती बसतात आणि साहेब त्यांना तो पूल शिकवतात. एकदा खुद्द त्या लेफ्टनंटला, एडेमलाच बोलावलं होतं. एका मुलीने विचारलं, “सर, नुकसानीचं प्रमाण तुम्ही कसं ठरवलंत?”

तो माझ्या पायरीवर बसला होता. “प्रमाण म्हणजे त्याचा डावा पाय,” तो म्हणाला. “चुकलो असं वाटत नाही मला. पण तो पाय रोज मोजतो मी.” मुलांनी मान डोलावली. कोणी लिहून घेतलं नाही, परीक्षेला नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरचा रंग उडतो आहे आणि खालून हिरवा दिसू लागला आहे. मला पुन्हा रंगवा, अशी विनंती करणं माझ्या वयाला शोभेल. पण मागणं वेगळंच आहे. जो दुसऱ्याच्या भांडणात मध्ये उभा राहतो, त्याची काळजी घ्या. त्याला वेळेवर हुकूम द्या, वेळेवर पाणी द्या. आणि पाणी सगळ्यांना देत असाल, तर लांबून कोण बघतंय तेही एकदा बघा.

पुलावरच्या त्या दिवसानंतर वर्षभराने समेट झाला. गाव परतलं. जनरल आता त्या देशाचा वाहतूक मंत्री आहे.