पोर पाठीवर घ्यायची शर्यत

सयाजी साताऱ्याकडचा गडी. एपीएमसीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या वाहायचा. पन्नास किलोची गोणी उशीसारखी पाठीवर घ्यायचा, पण स्वतःची पोरगी चार वर्षांची झाली तरी एकदा उचलली नव्हती. कारण घरात त्याचा बाप, आप्पा. बापासमोर आपलं पोर मांडीवर घ्यायचं म्हणजे गावाकडं बेशरमपणा. आणि इथं तळवलीच्या एका खोलीत आप्पा समोर नाय, असा टाइम आणायचा कुठून?

पोरगी मग आप्पांचीच झाली. सयाजी कामावरून आला की आईच्या पदराआड जायची.

"कोण आलं गं प्रियदर्शिनी?" त्याची बायको मंजुषा विचारायची.

"ते आले."

बाबा नाय, 'ते'. आई नवऱ्याला जे म्हणायची, तेच पोरीनं घेतलं. सयाजीच्या काळजात रोज कुसळ जायचं.

सव्वीस जानेवारीला बालवाडीनं शर्यत ठेवली. बापानं पोर पाठीवर घेऊन पळायचं. सयाजीनं मुद्दाम खाडा केला. आज तरी पोरगी आपली होईल! पण आप्पा पण आले, फेटा बांधून, पुढच्याच खुर्चीत.

"चला दादा, घ्या पोरीला," बालवाडीच्या सरस्वतीबाई म्हणाल्या. त्या इथल्या तळवली गावच्याच. "रोज गोन्या उचलता ना? ही तं पिसावानी हाय!"

लोक खिदळले. सयाजी आप्पांकडं बघत तसाच उभा. म्हाताऱ्यानं काय केलं, उठून खुर्चीच उलटी फिरवली. "मला काय दिसत न्हाई. घे."

सयाजीला हुरूप आला. पण हाताला ठाऊक गोणीच. दोन्ही दंड धरले, गिरकी मारली आणि दाणकन पोर पाठीवर.

"आप्पाऽऽ! ते मला नेतायत!"

शिट्टी वाजली, बाकीचे बाप पळाले. पोरगी घसरून सुटली, ती थेट आप्पांच्या गळ्यात.

"जा, बापाकडं जा," आप्पा म्हणाले.

"नाय!"

सयाजीचा तोल गेला. जन्मात पयल्यांदा तो बापावर ओरडला, "चार वर्षं समोर बसलात! आज पाठ फिरवून काय उपयोग, आप्पा?"

म्हातारा वळला नाय. "माझ्यासमोर तुझा आज्जा बसलेला," एवढंच बोलला. "मी तरी तुला कुठं घेतलं?"

शर्यत संपली, लोक वड्यांकडं गेले. सयाजी तिथंच मातीत गुडघे टेकून, पाठ वाकवून बसला. "ये. बस."

पोरीनं खुर्चीमागून डोकं काढलं.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "ते खाली का बसलेत?"