राजकन्येसमोरचं मुकं कडवं

एकोणीस वर्षं केझिया होवर्थ गिरणीच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी, उभी राहून गात आली होती. राजकन्या ऐकायला येणार त्याच दिवशी तिला शेवटच्या रांगेत ढकललं. पुढे कोण, तर गिरणीमालकीण मिसेस पिकरिंगच्या मुली आणि भाच्या. पांढरे झगे, निळे पट्टे, आणि गळ्यात सुराचा पत्ता नाही.

"त्या नुसतं तोंड हलवतील," गायनमास्तर इझ्रा ऑगडन मान खाली घालून म्हणाला होता. "आवाज तुम्ही द्यायचा. समजून घे गं, केझिया."

"तुझी आई माझ्या शेजारच्या मागावर राबून मेली, इझ्रा. तिला जाऊन सांग समजून घ्यायला."

मागांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून इंग्लंडातल्या लँकशायरच्या विणकरणी ओठांनी बोलतात. आवाज न काढता, गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यामुळे दोन गाणी झाल्यावर राजकन्या मखमली खुर्चीतून मालकिणीकडे झुकली, तेव्हा केझियाला सगळं वाचता आलं.

"पुढच्या मुली किती गोड गातात! आणि मागच्या त्या बायका?"

"गिरणीतल्या आहेत, सरकार. जागा भरायला उभ्या केल्यात. त्यांना कुठलं आलंय गाणं!"

केझियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाणाऱ्यांच्या अर्धवर्तुळाच्या समोरच्या टोकाला तिची मैत्रीण झिला उभी होती. केझियाचे ओठ हलले. "पुढच्या गाण्यातलं बायकांचं कडवं मुकं. फक्त तोंडं हलवा. सगळ्यांना सांग."

"सोमवारी गिरणीतून हाकलतील गं!"

"हाकलू देत मेल्यांना."

निरोप रांगांमधून फिरला. पुढच्या मुलींना त्याचा गंधही नव्हता.

त्या कडव्यात ऑर्गन थांबतो, वृंदातले पुरुषही गप्प असतात. इझ्राने हात उचलला. साठ बायकांनी तोंडं उघडली, आणि सभागृहात सूर म्हणून उमटला नाही. पांढरे झगे इमानेइतबारे ओठ हलवत राहिले. राजकन्येने हळूच आपला कान चाचपला. मिसेस पिकरिंगचा चेहरा पांढराफटक पडला.

गायनमास्तरचा काळा कोट चढवल्यापासून इझ्राने गिरणीची ही ओठांची बोली टाकली होती. लोकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या त्या माणसाचे ओठ आता आवाज न काढता हलले. "केझिया, पाया पडतो. गा."

"माझी जागा."

इझ्राने घाम पुसला आणि पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

लाकडी तळव्यांचे बूट खाडखाड वाजवत केझिया पायऱ्या उतरली. अख्खं सभागृह ऐकत होतं.

"सरक, पोरी," ती थोरल्या मिस पिकरिंगला मोठ्यांदा म्हणाली.

पोरगी सरकली. केझियाने राजकन्येकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मालकिणीच्या डोळ्यांत डोळे घालून तिने पहिला सूर लावला, आणि मागून बाकीच्या सगळ्याजणींनी तो उचलला.