पाठवू का?

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत लागल्यापासून अंबिकानं दोन गोष्टी मन लावून केल्या. एआय मॉडेलला बाहेरची साधनं जोडायला ती शिकली, आणि तिनं बाप लपवला. तिचे वडील कारभारी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. ऑफिसात मात्र "बाबांचा लोकरीचा व्यवसाय आहे," असं तिनं ऐटीत सांगून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात कारभारी पागोटं, काठी अशा थाटात गेटवर उभे राहिले तेव्हा तिची भंबेरी उडाली. "गावाकडचं कुणीतरी," असं सोबतच्या तनुजाला सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं. वर वॉचमन सर्जेरावांना मोबाइलवर लिहिलं, "तो मेंढरंवाला पुन्हा आला तर परत पाठवा. माझ्या ओळखीचा नाही."

आज वीस जणांपुढं शिकलेलं दाखवायचं होतं. कॅलेंडर असो, फाइली असोत की निरोप, मॉडेलला जोडायची पद्धत आता एकच ठरलेली, आणि ती तिला तोंडपाठ. खोटे निरोप वापरा, असं साहेबांनी बजावलं होतं. पण बाईसाहेबांना भाव खायचा होता! तिनं स्वतःच्या मोबाइलवरचे निरोपच जोडले.

"नवे निरोप वाच, उत्तरं तयार कर," तिनं टाइप केलं.

भिंतीवरच्या पडद्यावर सर्जेरावांचा निरोप उमटला. "मॅडम, कारभारी नावाचे म्हातारे आलेत. तुमचे वडील हायेत, असं म्हणतात. शेळी व्याली म्हणून खरवस आणलाय. काय करू?"

मॉडेलनं जुना निरोप धुंडाळून इमानेइतबारे उत्तर मांडलं. "ते माझ्या ओळखीचे नाहीत. परत पाठवा." खाली विचारलं, "पाठवू का?" शेजारी दोन बटणं, 'परवानगी द्या' आणि 'नको'.

यंत्राला काय बोल लावायचा? बोलणं तिचंच होतं. तनुजानं नजर खाली वळवली, आणि अंबिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनात आधी आलं ते हेच, की एखादी थाप मारून निभावता येईल का. त्याची तिला जास्त लाज वाटली.

तिनं 'नको' दाबलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "ते माझे वडील आहेत. त्यांना बसवा, मी येते."

निरोप गेला. मिनिटाभरानं तिनं मॉडेललाच विचारलं, उत्तर आलं का? आलं होतं.

"गेले, मॅडम. तुमचं उत्तर येईना म्हणून मी त्यांना मागचा निरोप वाचून दाखवला. म्हणाले, 'मग मीच चुकलो. माझी लेक दुसऱ्या कंपनीत असंल. आणलाच हाय तर खरवस ह्या बाईंनाच द्या.' डबा माझ्या टेबलावर ठेवलाय."