एका पाइपवरची दोन घरं

आमच्या गल्लीत सगळ्यांचा एक ठाम समज आहे. घराच्या भिंतीबाहेर जे काही आहे ते महापालिकेचं. फुटपाथ त्यांचा, त्याखालची माती त्यांची आणि मातीखालून वाहणारी आपली घाणही त्यांचीच. पिट्सबर्गच्या टेकडीवर जन्म गेलेली माणसं आम्ही; पाणी उताराने खाली जातं, यापलीकडे कुणी विचार केलेला नाही. मार्चमध्ये ते माझ्या तळघरात वर आलं, तेव्हा मी महापालिकेला फोन करून चांगलं खडसावलं. फोनवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरापासून रस्त्याखालच्या मोठ्या गटाराला मिळेपर्यंतचा पाइप तुमचा आहे. रस्त्याखालचासुद्धा." विमा कंपनीवाला तिच्याहून गोड आवाजात म्हणाला की जमिनीखालच्या पाइपसाठी वेगळा हप्ता असतो. तो मी कधी भरलाच नव्हता.

वर आलेलं पाणी माझं एकटीचं नव्हतं. त्याला लॅव्हेंडरच्या साबणाचा वास होता आणि मी बिनवासाचा साबण वापरते. लॅव्हेंडर म्हणजे बर्नी.

बर्नाडीन, माझी धाकटी बहीण. भिंतीला भिंत लागून तिचं घर. बाबांनी पोलादाच्या कारखान्यात हाडं झिजवून ही जोडघरं घेतली, दोन मुलींना दोन. पण ड्रेनेजचा पाइप दोन्ही घरांना मिळून एकच. बर्नीचं सांडपाणी भिंतीखालून माझ्या तळघरात येतं आणि मग दोघींचं मिळून रस्त्याकडे जातं. बाबांना त्यात गैर काही वाटलं नसावं. सख्ख्या बहिणी, एका पाइपने काय बिघडतंय?

सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. आमच्याकडे लग्नात केकला कोण विचारतं, बिस्किटांचं टेबल बघतात. मावश्या, आत्या, शेजारणी आठवडाभर भट्टीपुढे उभ्या राहतात, आणि कुणाचं ताट पुढे मांडलंय यावरून कुणाला किती मान आहे ते सगळ्या हॉलला कळतं. बर्नीच्या मुलीच्या, करीनच्या लग्नात माझे अक्रोडाचे रोल मागच्या रांगेत होते. पुढे कोण, तर बेकरीतून विकत आणलेली गुलाबी बिस्किटं! मी माझी ताटं उचलली आणि भर लग्नातून घरी आले. दुसऱ्या दिवशी बर्नीचा निरोप आला की ताटं तिची आहेत, परत कर. ती मी तिच्या पायरीवर नेऊन आपटली. तेव्हापासून आमच्यात शब्द नाही. करीनची मुलं आता शाळेत जातात.

मला तिची आठवण येते. भिंतीपलीकडे असलेल्या माणसाची आठवण येते म्हटलं तर लोक हसतील, पण येते. सकाळी तळघरात कपडे धुवायला गेले की तिच्या आंघोळीचं पाणी पाइपातून खळखळत जाताना ऐकू यायचं. उठली बाई, असं म्हणून मी मशीन सुरू करायची. कधी उशीर झाला तर तिथेच पायरीवर बसून राहायची.

डॉम फेरान्ते नावाचा प्लंबर आला. बडबड्या माणूस. त्याने पाइपात कॅमेरा सोडला आणि मला पडद्यावर आतलं दाखवलं. जुना भाजलेल्या मातीचा पाइप, सांध्यासांध्यांतून मुळं घुसलेली, फुटपाथखाली एक तुकडा खचलेला.

"दोन रस्ते आहेत, मिस लिओना," डॉम म्हणाला. "खचलंय तेवढंच खणायचं आणि बाकीच्या जुन्या पाइपात मोज्यासारखा नवा पाइप सरकवायचा. अकरा हजार डॉलर, दोघींत वाटून. दुसरा रस्ता म्हणजे दोन घरांचे दोन पाइप. तुमच्या पाइपला अकरा लागतीलच, वर शेजारच्या घराला नवा खणायला एकोणीस. रस्ता फोडायचा परवाना, परत डांबर, फुटपाथ, सगळं त्यात आलं. आणखी दोघांकडून भाव काढा, मला राग नाही. फक्त कॅमेरा न टाकता जो आकडा सांगेल त्याला दारातूनच घालवा."

"एकच ठेवू," मी म्हणाले. फार लवकर म्हणाले.

"ते त्यांनाही विचारायला हवं. विचारता?"

"तू विचार."

त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि टोपी सारखी केली. दहा मिनिटांत परत आला.

"त्यांना वेगळा हवाय. घर विकायचंय म्हणाल्या. मुलीकडे दूर शार्लट गावी जाणारेत. सामायिक पाइपचं घर कोण घेतो आजकाल? गिऱ्हाईक कॅमेरा टाकून बघतं आणि पळतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण तुमची सही लागेल. पाइप दोघींचा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर अडेल सगळं."

मी खुर्चीत बसले. बर्नी चालली होती, आणि मला हे प्लंबरकडून कळत होतं. सही न करणं किती सोपं होतं! बसली असती भिंतीपलीकडे, खोकत, शिव्या घालत. पण माणसाला गटाराने बांधून ठेवायचं म्हणजे काय? मी पेन मागितलं. डॉमने कागद धरला, मी सही केली.

काम सुरू झालं तेव्हा पहिल्याच सकाळी माझ्या तळघरातला तिचा जोड कापला. संध्याकाळपर्यंत माझा पाइप चालू झाला. तिचा नवा खणून होईपर्यंत तिच्या घरात पाण्याचा थेंब सांडायची सोय नव्हती. डॉम तिला भाड्याचा प्लॅस्टिकचा संडास आणून देतो म्हणाला. अंगणात, सगळ्या गल्लीसमोर. बर्नी त्याला काय म्हणाली ते मला भिंतीतून ऐकू आलं, पण लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तळघराचं बाहेरचं दार वाजलं. बर्नी उभी होती, खांद्यावर टॉवेल. केस पांढरे झालेले मी दुरून पाहिले होते, जवळून आत्ता.

"मी तुझ्या घरात येत नाहीये," ती म्हणाली. "फक्त तळघरात."

"वर चांगलं बाथरूम आहे."

"बाबांचा आहे ना खाली? तो चालतो मला."

बाबांचा म्हणजे तळघराच्या मधोमध नुसता ठेवलेला कमोड, आडोसा नाही, भिंत नाही. या भागातल्या जुन्या घरांत असतोच तो. कारखान्यातून काजळीने माखून आलेली माणसं तिथेच सगळं उरकून, धुऊन मग वर येत. मी जिन्यावर गेले आणि पाठ करून बसले.

"बघू नकोस!" खालून आवाज आला.

"तुझ्यात बघण्यासारखं काय राहिलंय?"

मग बर्नी हसली. तिचं ते नाकातून येणारं हसणं, लहानपणी चर्चमध्ये आम्हा दोघींना मार खायला लावणारं. मी तोंडावर एप्रन धरला, कारण मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं.

दुपारी ती परत आली. संध्याकाळी आली तेव्हा आंघोळीला वर गेली, बाहेर आली तर टेबलावर कॉफी होती आणि अक्रोडाचा रोल.

"अक्रोड कमी पडलेत," ती खाता खाता म्हणाली.

"बेकरीतून मागवू?"

"लिओना, ती ताटं मी नाही मांडली. जावयाच्या आईने मांडली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ताटं घेऊन निघालीस. माझी ताटं!" तिने दुसरा तुकडा उचलला. "तुझ्या मागे धावत यायचं होतं की काय नव्या बुटांत?"

त्यानंतर आम्ही भांडलोही, पण बसून. करीनच्या मुलांचे फोटो तिने दाखवले. शार्लटला तिची खोली खाली आहे, जिना चढायचा नाही. तिचे गुडघे गेलेत हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका पाइपवर राहून गुडघ्यांचं माहीत नव्हतं.

मग खणताना खडक लागला. डॉम तोंड पाडून आला. "दोन दिवस जास्त. अडीच हजार वाढतील."

"अरे वा," माझ्या तोंडून गेलं.

"काय?"

"अरे देवा, म्हणाले. निम्मे माझ्याकडून घे. खडक बाबांच्या जागेतला आहे."

खडक फुटला तर गॅसची नळी आडवी आली. ती झाली तर इन्स्पेक्टर वेळेवर येईना. गल्लीतले लोक रस्ता अडला म्हणून बोंबलत होते, आणि मी रोज सकाळी खिडकीतून तो चर बघत होते. अजून उघडा आहे, म्हणजे आज येईल. मी सूप दोघींपुरतं टाकायला लागले. मला माझीच कीव यायची, पण सूप टाकायची.

एका दुपारी इन्स्पेक्टर येऊन गेला. डॉम हात पुसत दारात आला. "झालं. त्यांना सांगतो आणि चर बुजवायला घेतो."

"उद्या सांग," मी म्हणाले.

"उद्या?"

"पाइपात पुन्हा एकदा कॅमेरा टाक. खणायचं मशीन राहू दे इथेच. एका दिवसाचे किती?"

"मिस लिओना, लोक माझ्या पाया पडतात की बाबा, लवकर आटप. माणसं आणि मशीन नुसती उभी ठेवायची तर चौदाशे होतात."

"माझ्या बिलात लाव. तिला बोलू नकोस."

जाताना त्याने टोपी काढली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बर्नी नेहमीसारखी आली. आम्ही कोबी-नूडल्स केल्या, ती कोबी चिरत होती आणि मी तिच्या चुका काढत होते. जेवलो. आईचे फोटो काढून बसलो आणि कोण कुणावर गेलंय यावरून वाद घातला. दिवस कसा गेला कळलं नाही. बाहेर अंधारून आलं तशी ती उठली, ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि दाराशी थांबली.

"लिओना, काल रात्री मी फ्लश करून बघितलं."

मी भांडी घासत होते. नळ तसाच चालू राहिला.

"झकास गेलं पाणी," ती म्हणाली. "सकाळी डॉमला धरला. तो खोटं बोलायला अगदीच कच्चा आहे."

"मग आज आलीस ती कशाला?"

बर्नीने टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"उद्याचे किती पडतील, विचार त्याला," ती म्हणाली. "निम्मे मी देते."